नखाएवढं

मंगळवारी भंगारवाला येणार म्हणून
रविवारी कॉम्प्युटर रिकामा करायला बसले.
वडगावात नुकतीच लाईट आली होती
आणि शेजारच्या हणमण्णवरांचे दोन माग
भिंतीपलीकडे पुन्हा खटखटायला लागले होते.
आमच्या भिंतीअलीकडे आता काही नाही,
जमिनीत रुतलेले चार बोल्ट तेवढे,
त्यांवर अजून पाय ठेचतो.

लाईटबिलं, विणकर सोसायटीचे अर्ज,
माझी दहावीची मार्कलिस्ट, रेशनकार्ड, आधार,
तिन्हींवर मी वेगळी:
मराठीत एक, कन्नडमध्ये एक,
इंग्रजीत तर आडनावच दुसऱ्या कुणाचं.
सगळं काढत गेले.
मग 'काठ' नावाचं फोल्डर.
उघडलं तर कोरं.
तेही काढायला गेले
तर यंत्रानं हात धरला:
ही सिस्टिम फाईल आहे.
काढलीत तर काहीतरी चालायचं थांबेल.

कुठली फाईल? इथं तर काहीच नाही.

महांतेशला फोन लावला. काकतीवेशीत त्याचं दुकान,
मूळचा बैलहोंगलचा, मराठी बोलताना
वाक्य 'री'वर टेकवल्याशिवाय खाली ठेवत नाही.
"वायरस इरबोदु री," म्हणाला, मग स्वतःच हसला.
"टूल्समध्ये जावा. लपलेलं दाखव म्हणून खूण आहे, ती करा.
खालची एक खूण काढा.
ते भीती घालतंय, भिऊ नका."

केलं.
कोऱ्या चौकटीत एक पुसट चिन्ह उगवलं,
धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं.
थम्ब्स डॉट डीबी.
दोन एमबी. तारीख जुनी,
नागपंचमीच्या आसपासची.

"थम्ब म्हणजे अंगठा री.
फोटोंचं फोल्डर उघडलं की यंत्र प्रत्येक फोटोचं
नखाएवढं चित्र काढून ठेवतंय, आपल्याला न विचारता.
पुढच्या वेळी पटकन दाखवायला.
मोठे फोटो गेले तरी नखं राहतात.
तरास काही नाही त्याचा. उडवा बिनधास्त."

नख.
अप्पांच्या डाव्या अंगठ्याच्या नखात मधोमध चर आहे.
चाळीस वर्षं सूत तोडून पडलेला,
विहिरीच्या दगडाला दोरानं पडतो तसा.

माग गेले त्या रात्री
फोटो त्यांनीच काढून टाकले होते, एकेक करून.
मी म्हटलं होतं, सगळे एकदम निवडता येतात.
कळतंय मला, म्हणाले,
आणि पुढचा उघडला.

महांतेशनं एक लहानसं सॉफ्टवेअर पाठवलं.
त्यात ती फाईल सोडली, आणि ओळीनं
उमटत गेले काठ:
गोमी, गाडी, रुईफूल,
एक हिरवा-तांबडा, होसूरच्या लग्नासाठी केलेला,
आणि अप्पांनी ज्यांना नावंच दिली नव्हती ते.
एकशे एकेचाळीस. पोस्टाच्या तिकिटाएवढे.
मोठे करायला जावं तर विस्कटतात,
नुसते जांभळे चौकोन, चौकोनाला चौकोन लागून.
सूत मोजता येत नाही.
बघून कुणी विणायला बसेल, असं काही नाही त्यांत.

एकशे बेचाळिसावं चित्र काठाचं नव्हतंच.
तांबूस अंधार, कडेला थोडा उजेड.
मोबाईलच्या भिंगावर आलेला अंगठा.

"उडवलं काय री?" महांतेश.
"बघते," म्हटलं. फोन ठेवला.
हणमण्णवरांचा एक माग मध्येच थांबला,
धागा तुटला असणार.
पुन्हा सुरू होईपर्यंत मी तशीच बसले.

सोप्यातून अप्पांनी विचारलं,
"किती भरलं गं?"
त्यांना वाटलं, भंगारवाला आजच आला.
माग किलोवर गेले होते.

"वजन नाही झालं अजून."

"काटा बघून घे मग," ते म्हणाले,
"मागं चार किलो खाल्लं त्यानं."