उलटा हात

मला बोलावलं ते पोरांनी.
"जिन्नाप्पामामा, मगदुमांच्या रानात आभाळातनं
काय तरी पडलंय. वायरी हायत त्याला."
वायर म्हटली की अक्कोळात मीच.

तंबाखू निघून गेलेलं रान, एप्रिलची ढेकळं,
बांधावरच्या बाभळीत गुंतलेलं लाल पॅराशूट.
खाली थर्माकोलात गुंडाळलेली पेटी,
तिच्या दोन लांब हातांच्या टोकांना
नारळाएवढे काळे गोळे.
चार भाषांत लिहिलेलं: उघडू नका, कळवा, बक्षीस मिळेल.
मराठीतल्या बक्षिसाचा क्ष चुकला होता.
कन्नडातली चूक बसाप्पानं शोधून काढली.

मी आधी उलटा हात लावून पाहिला.
झटका बसला की मूठ आवळते,
तळहात धरून ठेवतो,
उलटा हात सुटतो.
सत्याप्पानं गळतग्याच्या खांबावर सरळ हात लावला.
लाइन बंद आहे, असं त्याला फोनवर सांगितलं होतं.

दिवेलागणीला जीप आली. नागमणी मॅडम, हैदराबादच्या,
हिंदी माझ्याइतकीच मोडकी.
गोळ्यांवर ग्राफाइट फासलंय, म्हणाल्या.
पस्तीस किलोमीटर वर, फुग्याखाली
पेटी सावकाश गरगरत राहते,
कारण दोन्ही गोळे थोडं थोडं खोटं बोलतात;
जागा बदलत गेल्या की खोटं वजा करता येतं.

आणि उरतं किती?
मीटरला अर्धा व्होल्टसुद्धा नाही.

मला हसू आलं. अकरा हजारावर पोट भरणारा मी.

मग त्यांनी माझ्या पायांकडं बोट केलं, मग टोपीकडं.
उघड्या रानात एवढ्या उंचीला शंभरावर व्होल्ट असतात.
तुम्ही उभे राहिलात की तुम्हाला वळसा घालतात.
समुद्रापलीकडं कुठं कुठं विजा पडतात,
त्यांचं वर साठत जातं,
आणि जिथं आभाळ मोकळं, तिथं ते झिरपतं.

"म्हणजे आमच्यात?"
"आज दिवसभर."
"आणि ही लाइन बंद कोण करतं?"
त्यांना वाटलं, मी चेष्टा करतोय.
मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "कुणीच नाही."

जीप गेली. बक्षिसाचे पाचशे पोरांनी
आधीच वाटून घेतले होते, भांडणासकट.
बाभळीत एक लाल चिंधी राहिली.

मी ढेकळांवर उभा राहिलो, टोपी काढली
आणि उलटा हात वर केला.
काही लागलं नाही.

तसाच थोडा वेळ ठेवला.
मग सरळ केला.