सुधारणा क्रमांक सत्तेचाळीस

काणकोणच्या चावडीवर, बाजाराच्या माथ्यावर आमचं ऑफिस.
खाली सुक्या बांगड्यांचं दुकान,
म्हणून अणुऊर्जा प्रकल्पाच्या नकाशांनाही
आमच्याकडे खाऱ्याचा वास येतो.

प्रकल्प घाटापलीकडे, राज्याच्या हद्दीबाहेर.
तिथून पाकीट आलं:
पंपघराच्या भिंतीत एक दार हवंय.
रुंदी बाराशे, उंची एकवीसशे, भिंतीची जाडी साडेचारशे.
सोबत पत्र. काम किरकोळ, शुक्रवारपर्यंत अभिप्राय द्यावा.

किरकोळ.
मी त्या शब्दाखाली पेन्सिलीनं रेघ ओढली
आणि खोडली. मूळ कागदावर खुणा करायच्या नसतात.

बोस्त्यांवनं जुनी भेंडोळी उलगडली.
शाईची रेघ कुणाच्या हातची, हे बोट फिरवून सांगणारा
आमच्याकडचा शेवटचा माणूस.
उजेडाच्या काचेवर तो एकेक ट्रेसिंग ठेवत गेला,
एकावर एक, एकावर एक.
क्रमांक तीन: केबलसाठी भोक, वीतभर.
क्रमांक अकरा: पाइप सरकवला, दोन सळ्या कापल्या.
क्रमांक एकोणीस: वरच्या स्लॅबवर टाकी.
क्रमांक बत्तीस: टाकी काढली. तिचा चौथरा राहिला.
काच हळूहळू काळी होत गेली.

प्रत्येकाला गणित होतं.
मी सगळी पुन्हा मांडून पाहिली, दोन रात्री.
दहा हजार वर्षांतून एकदा येणारा भूकंप
माझ्या टेबलावर रोज येतो, चहाच्या आधी;
त्याला मी प्रत्येक कागदावर बसवलं, हलवलं.
एकही चूक नाही. एकही.

फक्त
प्रत्येकानं विचारलं होतं ते मूळ भिंतीला:
एवढं सोसशील ना?
आणि मूळ भिंत, जी पहिल्या भोकानंतर
कुठंच उरली नव्हती,
शेहेचाळीस वेळा हो म्हणाली होती.

बुधवारी जाऊन आले. छातीला डोसीमीटर लावून
सळ्या शोधायचं यंत्र भिंतीवरून फिरवलं,
आजाऱ्याच्या पाठीवरून फिरवावं तसं.
उजव्या कोपऱ्यात ते गप्प झालं.
तिथं खाच होती, गिलाव्याखाली, हातभर,
कुठल्याच नकाशात नसलेली.
पाळीवरचा म्हातारा मुकादम म्हणाला,
इथं पूर्वी घड्याळ होतं, त्याची वायर असेल.
घड्याळ कुठं गेलं?
बंद पडलं, बाई.

गुरुवारी प्रभुगावकर सरांचा फोन.
एकच दार न्हय मू, बाय?
आवाजात दटावणी नव्हती. असती तर सोपं झालं असतं.
त्या शेहेचाळीसांतल्या अकरांवर त्यांची सही आहे,
झोकदार, खाली दोन टिंबं.
मी म्हटलं, सर, दाराचं काही नाही.
भिंतच आता कुठली ते बघावं लागेल.
ते बराच वेळ बोलले नाहीत. मागं पोदेराचा भोंगा वाजला.
मग म्हणाले, एकोणीस नंबर बघितलास?

बघितला होता. पहिल्या दिवशीच.
टाकीच्या गणिताखालची सही
गोल, ठाम, नव्या पेनाची,
सव्वीस वर्षांच्या मुलीची.
भिंत मूळ स्थितीत आहे असे गृहीत धरले आहे,
हे वाक्य तिनंच लिहिलंय, सुवाच्य अक्षरात.

शुक्रवारी अभिप्राय पाठवला. साडेतीन ओळी.
आधी जे आहे ते सगळं एकत्र मोजा,
नोंदलेलं आणि न नोंदलेलं.
मग दाराचं विचारा.
शब्द अर्थात सरकारी वापरले.

खाली शटर ओढल्याचा आवाज झाला.
बोस्त्यांव ट्रेसिंग गुंडाळत होता.
माझ्या डोक्यावर एसी ठिबकत होता नेहमीसारखा,
चिरे फोडून बसवलेला, तीन का चार पावसाळ्यांपूर्वी.
मी खुर्चीवर चढून
त्या भोकाच्या कडेनं बोट फिरवलं.
कुणी फोडलं हे? मी विचारलं.
बोस्त्यांवला आठवेना.