पडद्याचा सातवा हुक

पुन्ता अरेनासचा वारा रात्रपाळीलाही सुट्टी देत नाही.
सामुद्रधुनीवरून येतो, खिडकीच्या फटीत बोट घालतो
आणि चार नंबरचा पडदा फडफडतो.
सात हुकांपैकी सातवा केव्हाच निसटलाय.
तीनदा लिहून दिलं. वरून उत्तर: यादीत आहे.

वितभर फट.
समोरच्या खाटेवरच्या माणसाला तेवढी पुरते.

चार नंबर, म्हणजे सेन्योर एवारिस्तो ओयार्सो,
वय एक्क्याऐंशी, मूळचे चिलोए बेटावरचे.
फाइलमध्ये आहे: उजवी बाजू लुळी, लघवीवर ताबा नाही.
फाइलमध्ये नाही: चाळीस हंगाम मेंढ्या कातरल्या,
दिवसाला दीडशे,
आणि पाहुण्यांसमोर शर्टाचं वरचं बटणसुद्धा
कधी उघडं टाकलं नाही. हे त्यांच्या बहिणीनं सांगितलं,
निघता निघता, जिन्यात.

पहाटे पाच. यास्ना नवी आहे, हात चलाख आहे.
"चल रे आजोबा, शहाणा ना तू?" म्हणाली,
आणि एका झटक्यात चादर ओढली.

ते काही बोलले नाहीत.
डावा हात तेवढा अजून त्यांचं ऐकतो.
तो हळूहळू खाली गेला
आणि तिथे झाकण होऊन थांबला.

मी यास्नाला गरम पाण्याला पाठवलं.
अंबाड्यातली पिन काढली, पडद्याच्या कडेला टोचली.
चादर परत गळ्यापर्यंत घातली
आणि मग पहिल्यापासून सुरुवात केली.
"सेन्योर ओयार्सो, मी नेलिदा.
आधी डावा पाय धुते. चालेल तुम्हाला?"

उत्तर नाही.
पाणी निवत होतं. अजून सहा खाटा बाकी होत्या.
मी टॉवेल हातात धरून उभी.
वाट पाहणं असं काही आमच्या तक्त्यात नाही,
त्याला रकाना नाही, त्यावर सही होत नाही.

मग अर्ध्या तोंडानं, शब्द लाळेत भिजलेले:
"मेंढीला... मी कधी... विचारलं नाही."

मी पाय धुतला, पुसला, झाकला. मगच दुसरा उघडला.
ते सांगत राहिले, तुकड्या तुकड्यांनी:
गुडघ्यांत दाबायची, मान वळवायची,
लोकर एका सलग तुकड्यात उतरली पाहिजे, कोटासारखी.
सोडलं की उठून पळायची
आणि कुंपणाशी जाऊन पाठ करून उभी राहायची.
"थंडी वाजते, असं वाटायचं मला."

चेहऱ्याची डावी बाजू हसली.
उजव्या डोळ्यातून पाणी येत होतं.
तो डोळा तसाही मिटत नाही,
तेव्हा त्याबद्दल मी काही म्हणणार नाही.

माझंही सांगते.
गेल्या जून महिन्यात, खाट नऊ, सेन्योरा रुपेर्ता.
घाई होती, दार सताड उघडं राहिलं,
बाहेर जेवणाची गाडी, दोन पोरं, कुणाचा तरी जावई.
ती उघडी पडली, आणि नंतर
मी त्यावर पांघरूण घातलं: वहीत लिहिलं, "स्नान झाले."
तिनं तक्रार केली नाही.
केली असती तर कदाचित विसरले असते.

सकाळी बसमध्ये केस वाऱ्यावर मोकळे,
ड्रायव्हर म्हणाला, आज काय, लग्नाला?
पिन पडद्यालाच राहिली होती.

दुसऱ्या रात्री औषधं मोजत होते,
पलीकडे यास्नाची पावलं पडद्याशी आली.
कापडावर टकटक करता येत नाही.
ती थांबली. मग तोंडानंच, हळू आवाजात,
"टक टक."

आत बराच वेळ काही नाही.
चादरीची सळसळ. डावा हात काहीतरी आवरत असावा.

"थांब जरा."

आणि ती थांबली.