बिजागरी

सकाळी साडेसहाला यंत्र थंडीनं अवघडलेलं असतं,
तेल मधासारखं घट्ट.
दहा मिनिटं त्याला नुसतं गुरगुरू द्यायचं,
तोवर चहा, आणि वहीत कालचं येणं.
एकदा घाई केली, फेब्रुवारीत,
तर पाइप फुटून मेरिगच्या कोटावर
बादलीभर तेल.
कोट अजून खुंटीला आहे.
काडी लांब ठेवा, म्हणतो तो.

यंत्र दुसऱ्या हातचं, फिनलंडहून आलेलं.
बटणांवरची भाषा आमच्यापैकी कुणालाच येत नाही.
लाल म्हणजे थांब, एवढं पुरतं.
क्रेनचा पंजा ओंडका उचलतो
मांजरीनं पिल्लू मानेत धरावं तसा,
पट्ट्यावर ठेवतो, करवत उतरते,
मग पाचर पुढं येते, सहा पात्यांची,
आणि हे झाड होतं
हे विसरायला चार सेकंद लागतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची.
मिस प्रॉबर्टना अर्धंच पोतं हवं,
पण रचून, साल वरच्या बाजूला.
सुट्टीसाठी घर घेतलेले डॉक्टर
ओलावा मोजायचं यंत्र स्वतःचं आणतात,
लाकडात सुया खुपसून माझ्याकडं बघतात,
जणू ताप मला आहे.
एकोणीस, मी म्हणते. मोजा.
ते मोजतात.
एकोणीस.

धंदा बरा चाललाय.
हे मी मोठ्यानं बोलत नाही.
बरा चाललाय, कारण आमच्या दरीतले ओन्नेन मरतायत,
इंग्रज ज्याला अ‍ॅश म्हणतात ते.
शेंड्याकडून खाली, ऐन तारुण्यात टक्कल पडावं तसे.
बुरशी आहे. औषध नाही.
रस्त्याकडेचे आधी पाडा, असं कौन्सिलचं पत्र.
शेतकरी फोन करतात,
आवाज दवाखान्याच्या व्हरांड्यातला:
"तीन आहेत. ये कधीतरी."
मी जाते. भाव सांगते.
भाव सांगताना झाडाकडं बघत नाही.
मरण त्यांचं, सरपण आमचं.

मंगळवारी इथेलच्या बांधावरचा ओंडका लावला होता.
अर्ध्यावर किंकाळी, ठिणग्या,
मी लाल दाबलं.
साखळीचे अकरा दात गेले.
पहारीनं, घणानं, मेरिगच्या शिव्यांनी
तो कसाबसा उकलला,
तर आत बिजागरी.
फाटकाची, वीतभर, लोहारानं घडवलेली.
झाडानं ती गिळली होती
आणि वर ओठ मिटले होते.
भोवतीचं लाकूड काळं.
वलयं नखानं मोजली, दोनदा:
चौपन्न.

इथेलच्या आणि आमच्या शेतामध्ये फाटक?
मी पन्नाशीची. मला आठवतं तेव्हापासून तिथं काटेरी तार आहे,
आणि माझे आजोबा नि त्याचे आजोबा
चॅपलात वेगवेगळ्या दारांनी शिरायचे.
का, ते कुणी सांगितलं नाही,
आणि विचारायचं नसतं
हेही कुणी सांगावं लागलं नाही.

संध्याकाळी फोन केला.
इथेल बराच वेळ गप्प. मागं त्याचा कुत्रा पाणी पीत होता.
मग म्हणाला, "कुणीकडं उघडायचं ते?"
लोखंडावरून कळत नाही, मी म्हटलं.
"हं."
पुन्हा कुत्रा.
"ओंडक्याचे पैसे मात्र पूर्ण लागतील."
आणि साखळीचे कोण देणार, मी विचारलं.
हसलो मग. आधी तो.

तो तुकडा विकता येत नाही.
शेगडीत घालावा तर काच तडकायची.
मेरिग म्हणाला, दुकानात भिंतीवर लाव,
पाहुणे फोटो काढतील.
मी तो ट्रेलरच्या चाकाखाली लावते,
मिस प्रॉबर्टच्या उतारावर,
जिथं हँडब्रेकचा भरवसा नाही.
आत लोखंड आहे, त्यामुळं जड आहे.
सरकत नाही.