श्वास मोजताना

डॉक्टर उर्वेंनी स्टेथोस्कोप लेएलोच्याच कानांत घातला.
“ऐका. दोन ठोक्यांच्या मधे फुसफुसतंय ना?”
फुसफुसत होतं खरं,
हापसालूच्या खाडीत मार्चअखेर
बर्फाखालून पाणी सरकतं तसं.

डावीकडची झडप. जाड झालीय, नीट मिटत नाही,
थोडं रक्त आल्या वाटेनं मागे.
पडद्यावर निळं-लाल उसळत असताना
नुप आपला
डॉक्टरांच्या खिशातलं बिस्किट हुंगत होता.

सकाळ-संध्याकाळ अर्धी गोळी, उकडलेल्या बटाट्यात लपवून.
बटाटा तो खातो.
गोळी गालिच्याखाली सापडते.
दुसरी गोळी लघवीची, म्हणून रात्री तीनला अंगणात,
उणे अकरा, गाऊनवर नवऱ्याचा जुना कोट.
खारवलेला मासा बंद. दोघांचाही,
त्याच्यासमोर एकटीनं खाणं तिला जमेना.

आणि झोपला की मिनिटभर श्वास मोजायचे.
तिसाच्या वर राहिले तर लगेच फोन.

चाळीस वर्षं तिनं शाली विणल्या,
अंगठीतून आरपार जाणाऱ्या.
मोजणं बोटांतच आहे.
पण तिथं टाका सुटला तर उसवता यायचं.

चोवीस. सव्वीस. काल एकतीस!
फोन हातात, तरी पुन्हा मोजले:
स्वप्नात पळत होता लेकाचा, पाय हलत होते.
थांबला. बावीस.

कॅलेंडरवर आकड्यांची दाटी.
सप्टेंबरचं पान उलटून तिनं
आजच लिहून ठेवलंय: नुपची तपासणी.
पेननं.
पेन्सिल शेजारीच होती.