आकृती तीन

सुंड्सवालच्या धक्क्यावर, मासळीच्या गोदामावरच्या खोलीत
अल्गोत वेस्टिनच्या डोक्यातलं लोखंड
मी कागदावर उतरवायचे.
महिन्याला साठ क्रोनर. शाई माझी, शेगडीतला कोळसा त्याचा.

पेटंट कचेरीचे नियम मला पाठ होते :
उजेड नेहमी वरून, डावीकडून,
मग खिडकीबाहेर दुपारी तीनलाच का अंधारेना.
जे आत आहे, दिसत नाही, ते तुटक रेषेनं.
आणि हात काढायचा नाही.
दांडा ओढला जातो.
ओढणारं कुणी नसतं.

जिथं ज्याचं घोडं अडे
तिथून तो आमचा जिना चढे.
पुलाचा राखणदार आला,
गाडी गेली की नट सैल होतात म्हणून.
बेकरीवाली तेक्ला नोरेन आली, भट्टीचं दार
कोपरानं उघडता यावं म्हणून; दोन्ही हातांत परात असते.
हिवाळ्यात गोठणारा पंप आला
तो तर घोडागाडीतूनच, बर्फासकट,
आणि आमच्या जिन्यावर रात्रभर वितळत बसला.

अल्गोत ऐकायचा, मिशी चावायचा, म्हणायचा, "मेख कुठंय?"
मग आठवडाभर काही बोलायचा नाही.
मग खरडलेल्या पाकिटाच्या पाठीवर एक झडप, एक पाचर,
एक वेडीवाकडी स्प्रिंग,
आणि खाली त्याची ती भाषा :
उक्त दांडा उक्त खटक्याच्या योगे उक्त चाकास अडवतो.
आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केल्यागत
ते बिचारं लोखंड.

ओंडके उचलायच्या आकड्याचं मात्र जमेना.
इसाक हेडमान जिना चढून आला तेव्हा
उजवा हात त्यानं कोटाच्या खिशातच ठेवला होता.
आकडा सुटला, म्हणाला. ओंडका भिजलेला होता.
एवढंच. टोपी घालून उतरून गेला.

अकरा आकडे झाले. अकराही निसटले.
बारावा मी गुरुवारी काढत होते,
पाचला स्टॉकहोमची टपाल निघणार,
आणि आकृती तीनमध्ये, टोकाशी पोचले असताना
धक्क्यावर बोटीचा भोंगा वाजला.
टाक हलला.
टोक जरासं आत वळलं,
तांदळाच्या कण्याइतकं.
खरवडायला पातं शोधलं, सापडलं नाही.
तसंच पाकिटात घातलं.

लोहारानं नकलेवरून घडवलं, जसंच्या तसं.
तो आकडा निसटला नाही.

अल्गोत त्या कागदापुढं बराच वेळ उभा होता.
स्वतःचं पाकीट शेजारी धरून
एकदा इकडे, एकदा तिकडे.
"बरं उतरलंय," म्हणाला.
दाव्यात त्यानं एक ओळ वाढवली :
उक्त टोक किंचित अंतर्वक्र.
पुढच्या सोमवारी माझ्या टेबलावर दिवा होता,
हिरव्या काचेचा, नवा, महाग.
मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही.
वीस वर्षं आम्ही त्या दिव्याबद्दल बोललो नाही.

पेटंट सतरा वर्षांनी विझतं.
मग तो आकडा कुणाचाही.
अल्गोत गेला, गोदाम गेलं, मासळीचा वास तेवढा
पावसाळी हवेत लाकडातून अजून येतो.

काल धक्क्यावर गेले होते.
पिवळा रंग फासलेला आकडा, स्वस्तातला,
सांध्याचं काम गचाळ.
डोळे आता साथ देत नाहीत; अगदी जवळ गेले.
वळण होतं.
कुणी कुणाची नक्कल कुणावरून केली देव जाणे,
माझ्या हाताची ती चूक
प्रत्येकानं जपून उतरवली होती.

क्रेनवरचा पोरगा ओरडला,
"आजी, बाजूला व्हा, ओझं येतंय!"

बाजूला झाले.