आठ पेडांची दोरी

आधी ड्रॅग घट्ट आवळ, वास्को,
पाणी आतल्या चकत्यांत शिरता कामा नये.
सैल करायचा तो रात्री, ठेवून देताना.
हे मी एकदाच सांगणार आहे
आणि तू दोन्ही विसरणार आहेस.

नळ बारीक सोड. आणखी बारीक.
जोराची धार मीठ धूत नाही,
आत ढकलते, खोल,
तुझ्या आईच्या बोलण्यासारखी.
हसू नकोस. बादली धर.

काल धक्क्याच्या टोकाला
तीन आन्शोवा मिळाले
आणि एक लिरियो, जो मिळाला नाही,
ज्याचं वजन सकाळपासून वाढतंच आहे
कॅफेतल्या प्रत्येक टेबलागणिक.
तू म्हणतोस गाठ सुटली.
गाठ जागच्या जागी होती. तुटली दोरी.
खाल्ल्या मिठाला जागणारी माणसं
असतील या बेटावर दोन-चार.
दोरीचं तसं नसतं. तिला मीठच खातं.
पेडापेडांत शिरून बसतं, वाळतं, काच होतं,
आणि प्रत्येक फेकीला आतून
जरा जरा कापत राहतं.

आता ओल्या फडक्यातून ओढ, दोन बोटांत.
आवळून नको. ही हाडापर्यंत जाते.
हा व्रण बघ. वादळाच्या आदल्या दिवशीचा,
मासासुद्धा नव्हता, नुसतं शेवाळ अडकलं होतं.

दर दहा मीटरला रंग बदलायचा हिचा,
निळा, केशरी, हिरवा, जांभळा,
अंधारातही सांगता यायचं मासा किती लांब आहे.
आता सगळी एकाच रंगाची,
भांडी पुसायच्या फडक्याच्या.

डोळे मिट. नखाने बघ.
गुळगुळीत.
गुळगुळीत.
थांब.
इथे. लव आलीय, सुरवंटासारखी.
लाव्हाच्या दगडाला घासली असणार,
त्या फुटक्या शिडीच्या खाली.
काप. सरळ काप.
सहा मीटर गेले तर गेले,
मासे तुझी हळहळ मोजत नाहीत.

उरलेली उलटी गुंडाळायची,
म्हणजे तळाची वर येते, वरची तळाला जाते.
माणसांना हे करता येत नाही, दोरीला येतं.
हे टोक घे आणि चालत सुटू नकोस वेड्यासारखा,
गोठ्याच्या फाटकापर्यंत जा,
हायड्रेंजियाच्या कुंपणापासून लांब धर,
काडी लागली की अर्धा दिवस गेला.

बघ, येतेय.
बघ कशी हिरवीगार. हिने पाणी पाहिलंच नाही.
नऊ वर्षं चरखीच्या पोटात,
कोरडी, गडद, दुकानातून आणल्यासारखी.

आणि ही तळाची गाठ,
जिथे दोरी नायलॉनला बांधलीय.
सात वेढे. मोज.
सगळं गाव दहा घालतं,
सात घालणारा एकच होता,
म्हणायचा, दहा घालतो त्याचा हातावर भरवसा नाही.
हो. त्याचीच.
टोरांटोला जायच्या आदल्या रात्री
या इथेच बसला होता, याच बादलीवर, पालथ्या,
आणि मी आत भांडी आदळत होते.
बोटीच्या पैशांवरून. सोड ते.

जुनी गाठ ठेवायची नसते, वास्को.
ताणाखाली पहिली तीच दगा देते,
आठही पेड शाबूत असले तरी.
कात्री कुठे गेली?
तुझ्या हातात होती ना आत्ता?

बरं.
असू दे.
दोन मीटर मागे सोड, गाठीसकट,
राहू दे तिला तळाशी. चिकटपट्टी लाव वरून.
कोणता मासा इतकी दोरी ओढून नेतोय!
आपण वर नवीन गाठ मारू.
दे इकडे टोक. थुंकी लाव, कोरडी ओढली तर जळते.
एक, दोन,
तीन, चार, पाच,
सहा, सात...

मोजत काय बसलास?
नळ बंद कर. पाणी वाहून चाललंय.